क्रँकचा तोल आणि हडपसर

इतिहासाच्या पुस्तकांत हडपसर येते ते एका लढाईपुरते. 25 ऑक्टोबर 1802 रोजी, ऐन दिवाळीत, यशवंतराव होळकरांनी दुसरा बाजीराव आणि शिंदे यांच्या फौजांचा इथे पराभव केला; पेशवा पुणे सोडून पळाला आणि त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी वसईला इंग्रजांशी तह करून बसला. त्यानंतर हडपसरचे नाव ठळकपणे येते ते दीडशे वर्षांनी, कारखान्यांच्या यादीत. 1958 साली स्थापन झालेली किर्लोस्कर न्यूमॅटिक, 1966 ची सीरम इन्स्टिट्यूट, शेजारच्या मुंढव्यात नीळकंठराव कल्याणींनी 1961 मध्ये काढलेली भारत फोर्ज, आणि पुढे शेतकऱ्यांनी स्वतःच्या जमिनी एकत्र करून वसवलेली मगरपट्टा सिटी. हा इतिहास खरा आहे, पण तो संस्थापकांचा आणि गेटवरच्या पाट्यांचा आहे. कारखान्यातून बाहेर पडलेले यंत्र पुढे वीस-तीस वर्षे कोणी जिवंत ठेवले, हे त्यात कुठे येत नाही. या लेखात मांडायचे आहे ते असे: मोटारसायकलचा क्रँक उघडायचा, त्यात नवी पिन आणि नवा रॉड घालायचा आणि दोन सरळ पट्ट्यांवर ठेवून घरच्या घरी त्याचा तोल साधायचा, ही विद्या पुण्याच्या यंत्रविद्येचीच एक शाखा आहे. तिला जुगाड म्हणून बाजूला सारणे हे भौतिकशास्त्राला धरून नाही आणि इतिहासालाही धरून नाही.

ही विद्या लागावी अशी परिस्थिती आधी तयार झाली होती. दुसरे महायुद्ध संपल्यावर ब्रिटिश सैन्याच्या बीएसए, नॉर्टन, मॅचलेस, एरियल अशा मोटारसायकली लष्करी लिलावांतून नागरी बाजारात आल्या, आणि पुण्यासारख्या छावणीच्या शहराला त्या नवख्या नव्हत्या. पुढे परकीय चलनाचा तुटवडा आणि आयातीवरचे निर्बंध यांमुळे त्यांचे मूळ सुटे भाग दुर्मीळ झाले. देशी गाड्यांचा पर्यायही मर्यादितच होता. मद्रासला 1955 पासून एनफील्ड, म्हैसूरला 1960 च्या दशकाच्या सुरुवातीपासून आयडियल जावा, फरिदाबादला एस्कॉर्ट्सची राजदूत; मोटारसायकल घ्यायची तर मुख्यतः या तिघींतून. परवाना पद्धतीत उत्पादनाचा आकडा सरकार ठरवत असे. आकुर्डीच्या बजाज स्कूटरसाठी नाव नोंदवून लोक दहा-दहा वर्षे थांबत. अशा काळात इंजिन बसले म्हणून कोणी गाडी टाकून देत नव्हते. बोअर वाढवायचा, ओव्हरसाइज पिस्टन घालायचा, क्रँक उघडून बिग एंड नवे करायचे आणि गाडी परत रस्त्यावर आणायची. नाना पेठेत मिळेल तो पिस्टन, बसेल तो रॉड. बीएसए एम-20 चा 82 मिलिमीटरचा मूळ पिस्टन मिळाला नाही, तर जवळच्या मापाचा दुसऱ्या इंजिनाचा पिस्टन घेऊन काम भागवायचे. इथेच तोलाचा प्रश्न उभा राहतो, कारण मापाने जुळणारा पिस्टन वजनाने जुळेलच असे नाही.

मोटारसायकलचा क्रँक घरच्या माणसाला उघडता येतो, यालाही कारण आहे, आणि ते मुंढव्याच्या शेजारी नीट समजते. भारत फोर्जमध्ये घडतो तो ट्रकचा क्रँकशाफ्ट: तापलेल्या पोलादाचा एकच अखंड तुकडा, प्रचंड हातोड्याखाली किंवा प्रेसखाली साच्यात दाबून आकाराला आणलेला. त्याच्यावर बसणारा कनेक्टिंग रॉड खालच्या टोकाला दोन तुकड्यांचा असतो आणि बोल्टांनी आवळला जातो. एका सिलिंडरच्या मोटारसायकलमध्ये बहुधा उलटे असते. रॉड अखंड, आणि क्रँकच तुकड्यांचा: दोन जाड चकत्या, म्हणजे फ्लायव्हील, आणि त्यांना जोडणारी क्रँक पिन. जुन्या बुलेटमध्ये ती नटांनी आवळलेली असे, जावा-यझदीत प्रेसने दाबून बसवलेली. जे दाबून बसवले आहे ते प्रेसने सुटते. म्हणजे क्रँकला दुसरे आयुष्य देण्याची सोय त्याच्या घडणीतच होती. त्या सोयीचा लाभ घ्यायला लागतात ती साधने, म्हणजे लेथ, प्रेस, व्ही-ब्लॉक, डायल गेज आणि ती वापरणारे हात, ही सगळी कारखान्यांच्या भोवती वाढलेल्या जॉबवर्कच्या गाळ्यांमध्ये आपोआप जमा झाली. हडपसर, रामटेकडी, मुंढवा या पट्ट्यात मोठ्या कंपनीसाठी बुश आणि शाफ्ट फिरवणारा टर्नर संध्याकाळी त्याच लेथवर क्रँक पिन फिरवू शकतो. दिवसा हजारांश इंचात मोजण्याची सवय लागलेला माणूस संध्याकाळी ठोकताळ्यावर समाधान मानत नाही. या भागाचे खरे भांडवल ही सवय होती, असे मला वाटते.

पण इंजिन दुरुस्तीची परंपरा इथे मोटारसायकलच्याही आधीची आहे. मुठा उजव्या कालव्याच्या या बागायती पट्ट्यात, मांजरी-फुरसुंगीपासून लोणी काळभोरपर्यंत, वीज यायच्या आधी विहिरीवरचे पाणी ऑइल इंजिनाने उपसले जाई. साताऱ्याची कूपर आणि खडकीची किर्लोस्कर ऑइल इंजिन्स (1946) यांनी एका सिलिंडरचे डिझेल इंजिन मराठी शेतकऱ्याच्या ओळखीचे केले होते. मग क्रँक तोलण्याची कला तिथूनच का आली नाही? कारण ते इंजिन दगड-सिमेंटच्या ओट्यावर बोल्टांनी जखडलेले असे आणि अगदी सावकाश फिरे. त्याची थरथर जमिनीत जिरे. मोटारसायकलला ओटा नाही. तिची फ्रेम हलकी, इंजिन तिप्पट-चौपट वेगाने फिरणारे, आणि थरथर जाऊन पोहोचते ती थेट स्वाराच्या मनगटांत, पायांत आणि टाकीच्या जोडांत. शेतातल्या मेकॅनिकने रिंगा बदलल्या, बेअरिंग बदलले, व्हॉल्व्ह घासले आणि त्याचे काम झाले. मोटारसायकलच्या माणसाला त्याच्या पुढची एक पायरी चढावी लागली.

ती पायरी कसली, हे आकड्यांत पाहावे. जुन्या 350 बुलेटचा स्ट्रोक 90 मिलिमीटर, म्हणजे क्रँक पिन मध्यापासून 45 मिलिमीटरवर फिरते. मिनिटाला 5000 फेऱ्यांच्या वेगाला त्या अंतरावरचा एक ग्रॅम सुमारे सव्वा किलोच्या जोराने बाहेर ओढतो. आता वर-खाली जाणारे वजन, म्हणजे पिस्टन, रिंगा, गजन पिन आणि रॉडचे वरचे टोक, मिळून समजा 500 ग्रॅम आहे. ते दर फेरीला एकदा वर आणि एकदा खाली थांबवून उलटे फिरवायला सहाशे किलोच्या वर जोर लागतो. क्रँक पिनच्या समोरच्या बाजूला तेवढेच वजन ठेवले तर हा जोर नाहीसा होईल असे वाटते, पण इथे एक अडचण आहे. पिस्टन फक्त सिलिंडरच्या रेषेत हलतो. समोरचे वजन मात्र गोल फिरते. पिस्टन वर किंवा खाली असताना ते त्याला तोलते, आणि पिस्टन मध्यावर असताना तेच वजन आडवे येऊन गाडीला पुढे-मागे हिसके देते. पूर्ण तोलले की उभी थरथर जाते आणि तेवढीच आडवी थरथर येते. म्हणून एका सिलिंडरच्या इंजिनात वर-खाली जाणाऱ्या वजनाचा काही भागच तोलतात, साधारण निम्म्यापासून सत्तर टक्क्यांपर्यंत. या प्रमाणाला बॅलन्स फॅक्टर म्हणतात. साठ टक्के तोलले तर आपल्या उदाहरणात उभ्या दिशेला सुमारे अडीचशे किलोचा जोर शिल्लक राहतो आणि आडव्या दिशेला पावणेचारशे किलोचा नवा उभा राहतो. ही तडजोड टाळता येत नाही. शिवाय रॉड तिरका होत राहिल्यामुळे दुप्पट वेगाची एक छोटी थरथर असते, तिला तर क्रँकवरच्या कोणत्याही वजनाने हात लावता येत नाही.

कृती मात्र आश्चर्य वाटावे इतकी साधी आहे. रॉड आडवा धरून त्याचे मोठे टोक टेकवायचे आणि लहान टोक तेवढ्याच उंचीवर तराजूवर ठेवायचे. जे वजन दिसेल ते रॉडच्या वरच्या भागाचे. समजा 100 ग्रॅम भरले. पिस्टन, रिंगा, गजन पिन, सर्क्लिप यांचे 400. एकूण 500, त्याचे साठ टक्के 300. जुळवलेल्या क्रँकवर रॉड लोंबकळतच असतो, त्यामुळे त्याचे 100 ग्रॅम आधीच धरले गेले. उरलेले 200 ग्रॅम लहान टोकाला टांगायचे. मग दोन घासून सरळ केलेल्या पोलादी पट्ट्या स्पिरिट लेव्हलने समपातळीत बसवून त्यांवर क्रँक ठेवायचा. तो कोणत्याही स्थितीत जिथे ठेवला तिथेच थांबला तर तोल साधला. पिनची बाजू खाली येत असेल तर तिकडचे वजन काढायचे, समोरची बाजू खाली येत असेल तर समोरचे. 10 मिलिमीटर व्यासाचे आणि तेवढेच खोल छिद्र पाडले की पोलादाचे साधारण सहा ग्रॅम कमी होतात. ते छिद्र मध्यापासून 75 मिलिमीटरवर असेल तर त्याचा परिणाम पिनपाशी दहा ग्रॅमांएवढा होतो. दोन्ही फ्लायव्हीलमधून सारखेच वजन काढायचे. टू-स्ट्रोकमध्ये आणखी एक पथ्य: तिथे क्रँककेस स्वतःच पंपाचे काम करते, म्हणून छिद्र उघडे ठेवले की आतली जागा वाढून दाब उतरतो. ते हलक्या धातूच्या बुचाने बंद करावे लागते. आणि पट्ट्या कितपत विश्वासू आहेत हे पट्ट्याच सांगतात. तोललेल्या क्रँकच्या कडेला मेणाचा छोटा गोळा चिकटवायचा. किती ग्रॅमला क्रँक हलू लागतो तेवढी आपल्या मापाची अचूकता. स्वतःची चूक मोजण्याची सोय ज्या पद्धतीत अंगभूत आहे, तिला अंदाजपंचे म्हणता येणार नाही.

यावर पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा की खरा तोल फिरवूनच कळतो. त्यासाठी यंत्र लागते. यंत्राचा इतिहास जुना आहे. कॅनडाच्या मार्टिन्सनने 1870 मध्ये तसे पेटंट घेतले, जर्मनीत लावाचेकने 1907 मध्ये चांगले यंत्र केले आणि डार्मस्टाटच्या शेंक कंपनीने ते पुढे नेले. स्थिर पट्ट्यांना न दिसणारा दोष या यंत्राला दिसतो. डाव्या चकतीत एका बाजूला दहा ग्रॅम जास्त आणि उजव्या चकतीत त्याच्या बरोबर समोर दहा ग्रॅम जास्त असतील, तर पट्ट्यांवर क्रँक शांत बसेल, पण फिरताना डोलेल. आक्षेप बरोबर आहे; प्रश्न प्रमाणाचा आहे. मोटारसायकलच्या दोन चकत्या एकमेकींच्या अगदी जवळ असतात. त्यांच्यात पाच सेंटिमीटर अंतर धरले, तर या दोषातून निर्माण होतात ते बारा-तेरा किलोचे दोन विरुद्ध जोर, तेही इतक्या कमी अंतरावर. शेजारी तडजोड म्हणून मुद्दाम ठेवलेला जोर अडीचशे किलोचा आहे. सहा सिलिंडरच्या ट्रकचा लांबलचक क्रँक असेल तर हेच जोर लांब तरफेवर काम करतात आणि यंत्राला पर्याय राहत नाही. मुंढव्याच्या क्रँकला जे अपरिहार्य, ते बुलेटच्या क्रँकला ऐच्छिक, आणि हा फरक भूमितीने ठरवला आहे, ऐपतीने नव्हे. व्हिन्सेंटचे इंजिन रचणाऱ्या फिल आयर्विंग यांनी शर्यतीची इंजिने तयार करण्याविषयी 1948 मध्ये लिहिलेल्या पुस्तकात हीच सरळ पट्ट्यांची पद्धत दिली आहे, आणि शर्यतीच्या इंजिनाहून कठोर परीक्षा घरच्या गाडीला नक्कीच द्यायची नसते.

दुसरा आक्षेप उलट दिशेने येतो: बहुतेक मेकॅनिक क्रँक तोलतच नव्हते, फक्त सरळ करत होते. नवी पिन बसवली की दोन्ही बाजूंचे शाफ्ट एका रेषेत आहेत की नाही हे व्ही-ब्लॉकवर डायल गेज लावून पाहायचे, आणि तांब्याच्या हातोड्याचे मोजके घाव घालून काटा दोन-तीन हजारांशांच्या आत आणायचा. तेवढ्यावर क्रँक तयार मानला जाई. हे खरे आहे, आणि बऱ्याचदा तेच योग्यही आहे. सरळ नसलेला क्रँक तोलून उपयोग नाही, कारण वाकडेपणा बेअरिंग खातो. शिवाय मूळ मापाचाच पिस्टन अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइज घेतला आणि तो समजा सहा ग्रॅम जड निघाला, तर आपल्या उदाहरणात साठ टक्क्यांचा फॅक्टर 59.3 वर येतो. हाताला ते कळणारही नाही. पण पर्यायी पिस्टन 80 ग्रॅम हलका असेल तर तोच फॅक्टर 71 टक्क्यांवर जातो, 80 ग्रॅम जड असेल तर 52 वर उतरतो. गाडी अचानक एका विशिष्ट वेगाला हातात मुंग्या आणू लागते, हेडलाइटचे बल्ब वरचेवर जातात, टाकीच्या कंसाला तडा जातो. अशा वेळी ज्याने वजन केले त्याला कारण सापडले. ज्याने केले नाही तो इंजिनाचे बोल्ट आवळत राहिला. म्हणजे प्रत्येक क्रँकला तोलण्याची गरज नव्हती. कोणत्या क्रँकला ती आहे हे ओळखणे हाच या विद्येचा गाभा होता, आणि ते ओळखण्यासाठी आधी काट्यावर वजन करावे लागते. मूळ पिस्टन फेकून देण्यापूर्वी तो तोलून आकडा लिहून ठेवणारा मेकॅनिक माझ्या लेखी अर्धे काम तिथेच करून मोकळा होतो.

जुगाड हा शब्द इथे बसत नाही तो यामुळेच. जुगाडात वस्तू कशीबशी चालवायची असते आणि का चालली हे विचारायचे नसते. क्रँक तोलताना का हे आधी ठरवावे लागते, कारण बॅलन्स फॅक्टरचा एकच बरोबर आकडा अस्तित्वात नाही. सिलिंडर उभा आहे की पुढे झुकलेला, फ्रेम कोणत्या दिशेला ताठ आणि कोणत्या दिशेला लवचीक, गाडी बहुतेक वेळ किती वेगाने चालणार, यांवर तो ठरतो. बुलेटचा उभा सिलिंडर आणि 1985 साली आलेल्या हिरो होंडा सीडी-100 चा जवळजवळ आडवा सिलिंडर यांना एकच प्रमाण लावले तर दोनपैकी एक गाडी नक्की त्रास देईल. लंडनच्या डाल्बी यांनी इंजिनांच्या तोलावर 1902 मध्ये लिहिलेल्या ग्रंथापासून अभियांत्रिकीचे विद्यार्थी हे गणित शिकत आले आहेत. घरच्या माणसाने ते समीकरणांत मांडले नसेल. पण पन्नासला एकदा, साठला एकदा तोलून, गाडी सोलापूर रस्त्यावर चालवून, पुन्हा उघडून निर्णय घेणे ही प्रयोगाचीच रीत आहे. कारखान्यातला अभियंता एका मॉडेलसाठी हा निर्णय एकदा घेतो. बदललेल्या पिस्टनच्या, बदललेल्या फ्रेमच्या एकेका गाडीसाठी तो घ्यायला कारखान्यात कोणी बसलेले नसते.

ही गरज कशी ओसरली तेही याच भूगोलात पाहायला मिळते. 1984 ते 1986 या दोन-तीन वर्षांत इंड-सुझुकी, हिरो होंडा, यामाहा आरएक्स-100 आणि कावासाकी बजाज अशा जपानी सहकार्याच्या शंभर सीसी गाड्या आल्या. त्यांचे पिस्टन छोटे आणि हलके, मूळ भाग सहज मिळणारे, आणि पुढे पुढे तर पिनसकट जुळवलेला पूर्ण क्रँकच दुकानात मिळू लागला. चाकणला बांधल्या जाणाऱ्या केटीएम 390 मध्ये 2013 पासून बॅलन्सर शाफ्ट आहे. रॉयल एनफील्डनेही 2020 मध्ये नव्या 349 सीसी इंजिनात तो आणला. क्रँकच्या उलट दिशेने फिरणारे हे वजन आडवा जोर खोडून काढते, आणि शतकभराची तडजोड पुष्कळशी सुटते. अशा इंजिनात घरी फॅक्टर बदलणे गैर आहे, कारण क्रँक आणि शाफ्ट मिळून एकच हिशेब असतो. तिथे दुरुस्ती करणाऱ्याचे काम खुणेला खूण जुळवण्याचे. पण जुन्या बुलेट, जावा, यझदी अजून रस्त्यावर आहेत आणि त्यांच्यासाठी बाजारात येणारे पिस्टन-रॉड वेगवेगळ्या वजनांचे आहेत. त्यांच्या बाबतीत 1965 चा प्रश्न आजही जसाच्या तसा आहे. फरक इतकाच की दशांश ग्रॅम दाखवणारा काटा आता सोनाराकडे मागायला जावे लागत नाही.

या विद्येची कागदपत्रे शोधायची तर ती पोलादात आहेत. भंगारात निघालेल्या जुन्या क्रँकच्या कडेला छिद्रे दिसतात. कारखान्याची छिद्रे एका मापाची, ठरलेल्या अंतरावर, त्या मॉडेलच्या प्रत्येक क्रँकवर साधारण त्याच जागी असतात. नंतर पाडलेली वेगळ्या ड्रिलची, वेगळ्या खोलीची, कधी बुच मारलेली, कधी शेजारी पंचने ग्रॅमचा आकडा ठोकलेली. त्यांचा व्यास आणि खोली मोजली की किती वजन काढले ते कळते. काढलेल्या वजनावरून तोलणाऱ्याने पिस्टन केवढा धरला होता आणि कोणता फॅक्टर निवडला होता, याचा अंदाज बांधता येतो. पुण्याच्या वाहन उद्योगाचा इतिहास लिहिणाऱ्याने कंपन्यांच्या वार्षिक अहवालांबरोबर असे शे-दोनशे क्रँक भट्टीत जाण्याआधी मोजून, फोटो काढून नोंदवले, तर गेटच्या बाहेरचे प्रकरण लिहायला लागणारा पुरावा त्याच्या हाती येईल.